रंध्याला गिऱ्हाईक

“रंधा कुठल्या लाकडाचा?” शंकासुराने विचारलं होतं.

तीन दिवसांतला हा अकरावा प्रश्न. विमा कचेरीतून नुकत्याच घरी आलेल्या लेकाने बूट काढता काढता तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

वडिलांची सुतारकामाची हत्यारं त्याने ऑनलाइन विकायला काढली होती. मागची खोली मोकळी करायची होती. वडिलांना झटका येऊन सात महिने झाले होते, उजवा हात लुळा पडला होता, आणि हत्यारांना हात लावणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. विकू का, असं त्याने वडिलांना विचारलंही होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. झटक्यानंतर ते बोलायचेच थांबले होते. जीभ सुटेल, डॉक्टर म्हणाले होते, पण माणसाला बोलायला काहीतरी कारण लागतं.

गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. एकजण ‘शेवटचं किती’ एवढंच विचारून गायब झाला. दुसऱ्याला करवतीच्या बदल्यात मोडकी सायकल गळ्यात मारायची होती. तिसरा ‘निघालोच’ म्हणाला, तो अजून निघतोच आहे. पण शंकासुराची तऱ्हाच न्यारी. नाव नाही, फोटोच्या जागी एक झाड; शंकासुर हे लेकानेच ठेवलेलं नाव. सगळी हत्यारं माझ्यासाठी राखून ठेवा म्हणाला आणि रोज संध्याकाळी नव्या नव्या शंका काढू लागला. एकेक ओळ यायला दहा-दहा मिनिटं लागायची.

“याला अंगठा आहे की ठोकळा?” लेक वैतागून म्हणाला. सरळ ब्लॉक करून टाकतो, असंही म्हणाला.

“वाद घालू नकोस. माहीत असेल ते सांग, नसेल ते विचारून सांग,” बायको म्हणाली. “गिऱ्हाईक आहे, जावई नव्हे. कंटाळला की जाईल.”

माहीत तर काहीच नव्हतं. लहानपणी तो मागच्या खोलीत फिरकत नसे. भुशाने शिंका यायच्या. शेवटी रंधा घेऊन तो वडिलांच्या खोलीत गेला. वडील नेहमीसारखे जुन्या फोनवर रंगीत फुगे फोडत बसले होते. उजवा अंगठा हलता राहावा म्हणून व्यायामाच्या बाईंनी तो खेळ लावून दिला होता. एरवी लेक दारातूनच ‘औषध घेतलं का’ विचारून पुढे जायचा. आज हातात जड रंधा होता, म्हणून तो खाटेच्या कडेवर बसला.

“बाबा, हा कुठल्या लाकडाचा?”

वडिलांनी फोन बाजूला ठेवून रंध्यावरून डावा हात फिरवला. मग ओठ थरथरले. “शि... शिसवी.”

लेकाला भरून आलं. रंधा तसाच छातीशी धरून तो स्वयंपाकघरात गेला, आणि बायकोला म्हणाला, “बाबा बोलले.”

त्यानंतर शंकासुराच्या प्रश्नांची तो वाट पाहू लागला. पटाशीला धार किती तिरकी लावायची? वडील चार शब्द बोलले. काटकोन तपासायचा गुण्या बरोबर आहे हे कसं ओळखायचं? त्यावर दोन अख्खी वाक्यं. कधी ते गिऱ्हाइकावरच उखडत. एवढंही कळत नाही, कुठला गाढव आहे हा, असं अडखळत का होईना, पण पूर्ण म्हणत. लेक हसायचा आणि खाटेवर आणखी जरा सरकून बसायचा. गप्पा पुढे हत्यारांवरून आईवर, तिच्या लाकडी पेटीवर जायच्या, आणि जेवण गार व्हायचं.

मग शंकासुराला रंधा चालतानाचा फोटो हवा झाला. खाट मागच्या खोलीच्या दाराशी ओढून घेतली, तिथून वडिलांना कामाचं टेबल दिसायचं. लेकाने सतरा वेळा फळी खराब केली. अठराव्यांदा लाकडाची लांब, अखंड साल गुंडाळत बाहेर आली. वडील हसले. हसू वाकडं होतं, पण सात महिन्यांतलं पहिलं होतं.

“खरं सांग,” त्या संध्याकाळी लेकाने बायकोला गाठलं, “शंकासुर तूच ना?”

“मी? मला तर वाटत होतं तूच.”

म्हणजे खरंच कोणीतरी परका माणूस होता. देव त्याचं भलं करो, बायको म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

शनिवारी एक भला गृहस्थ आला. सगळी हत्यारं घेतो म्हणाला, सांगितलेल्या किमतीत, एकही प्रश्न न विचारता. असं गिऱ्हाईक शोधून सापडत नाही. लेकाने त्याला चहा पाजला, दोनदा माफी मागितली आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. दाराशी खाटेवर वडील डोळे मिटून पडले होते. झोपलेत असंच त्याला वाटलं.

रविवारी सकाळी तो मागच्या खोलीत उभा राहून बुटकं स्टूल करत होता, वडिलांना पाय ठेवायला. मध्येच त्याला आठवलं, शंकासुराला कळवायचं राहिलंच. एका हातात पटाशी होती, दुसऱ्या हाताने तो फोनवर लिहू लागला. हत्यारं आता विकायची नाहीत. तुम्हाला इतके दिवस ताटकळत ठेवलं, क्षमा करा. पण तुमच्या शंकांमुळे माझे वडील बोलायला लागले. तुमचे हे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.

बाहेर बायको कपडे वाळत घालत होती. दाराशी वडील खाली मान घालून फुगे फोडत होते. लेक पुन्हा कामाला लागला.

दहा मिनिटांनी उत्तर आलं.

“बरं केलंस. आता ती पटाशी सरळ धर.”