बारा महिन्यांची पुस्तकं

पुस्तकाचं एक टोक प्रज्ञेशच्या हातात होतं आणि दुसरं चैतालीच्या. तो ओढत नव्हता, तीच ओढत होती. कामावर लोणावळ्याला निघालोच आहे, तर जाता जाता हे वाचनालयात देऊन टाकतो आणि तुझी वर्गणीही बंद करतो, एवढंच तो म्हणाला होता. त्यात बायकोचं काही वाईट करावं असं त्याच्या मनात नव्हतं. पुस्तक महिनाभर घरात होतं आणि अजून कोरं करकरीत होतं.

कार्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत चैतालीच्या वाचनाची थट्टा आता जुनी झाली होती. मुलगी जेमतेम दीड महिन्याची झाली आणि ही बाई वर्षभराचं वाचन ठरवून मोकळी झाली. महिन्याला एक पुस्तक, अशी बारा. पावसाळ्यात प्रवासवर्णनं, थंडीत कादंबऱ्या, उन्हाळ्यात कथा. वाचनालयातल्या राजेश्वरीबाईंसमोर बसून तिने सगळं पक्कं केलं होतं. लेकरू मांडीवर आणि हिला पुस्तकं सुचतात, असं शेजारणी म्हणाल्या. सासूबाई, म्हणजे चंपाबाई, डोंगराच्या पायथ्याला उकडलेली कणसं विकत. त्यांनी गिऱ्हाइकांनाही सुनेचं हे कौतुक ऐकवलं, आणि त्यात टोमणाच जास्त होता. बाळंतिणीने वाचलं की डोळे जातात, हे त्यांचं ठाम मत. पण डोळे जायची वेळ आलीच नाही, कारण चैताली एक ओळसुद्धा वाचत नव्हती.

तशी ती काहीच करत नव्हती. मुलगी रडली की उठायची, पाजायची, लंगोट बदलायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. केस विंचर म्हणून सासूला सांगावं लागायचं. शेजारणीने थोडा वेळ सांभाळायला दिलेल्या पोरीकडे बघावं, तशी ती स्वतःच्या मुलीकडे बघायची. पहिलटकरणीचं असंच असतं, होईल हळूहळू, असं सगळे म्हणत. म्हणायला काय जातं? फक्त पुस्तकाची तारीख आली की ती कुणी न सांगता उठायची, मुलीला पोटाशी बांधायची आणि बस धरून लोणावळ्याला पुस्तक बदलून यायची. नवीन पुस्तक उशाशी ठेवायची. मग त्याला हात लावायची तो परत नेतानाच.

आज मात्र प्रज्ञेशला राहवलं नाही.

"वाचत नाहीस, तर आणतेस कशाला?"

"दुसऱ्याची वस्तू आहे," चैताली म्हणाली. "परत देईपर्यंत राहावं लागतं."

"राहावं लागतं म्हणजे?"

"जिवंत."

घरातली भाजी संपलीय हे सांगावं, तशा आवाजात ती हे म्हणाली. प्रज्ञेशच्या हातातून पुस्तक सुटलं.

मग ती बोलत गेली. इतकं ती बाळंतपणानंतर पहिल्यांदाच बोलत होती. सुदुंबऱ्याहून, माहेराहून परत आली तेव्हाच तिला जगणं नकोसं झालं होतं. मुलगी आपल्यावाचून जास्त चांगली वाढेल, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. एका दुपारी तिने मनाशी ठरवलंसुद्धा. तेवढ्यात फळीवर एक पुस्तक दिसलं, गरोदरपणात वाचनालयातून आणलेलं. लोकांची वस्तू घरात ठेवून जाणं तिच्या जिवावर आलं. शेजारची वाटी घरी आली तरी ती त्याच दिवशी परत करणारी, आणि तीही कधी रिकामी नाही. आधी पुस्तक देऊन येऊ, म्हणून ती लोणावळ्याला गेली. राजेश्वरीबाईंनी नेहमीच्या सवयीने विचारलं, पुढचं कोणतं देऊ? तिने घेतलं. आणि तिथेच बाकावर बसून तिने पुढच्या बारा महिन्यांची पुस्तकं ठरवून टाकली. एक परत दिलं की त्याच वेळी दुसरं हातात हवं, मध्ये हात रिकामा राहायला नको. बाराव्या पुस्तकानंतरचं तिने काही ठरवलं नव्हतं.

चंपाबाई कणसांची पाटी घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पाटी खाली ठेवली, नातीला उचललं आणि सुनेला लागून बसल्या. गिऱ्हाइकांना सांगितलेलं सगळं आठवून त्यांना लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली. प्रज्ञेश कामावर गेला नाही. त्याच दिवशी दोघांनी तिला दवाखान्यात नेलं. हा आजार आहे, हट्ट नव्हे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. औषधं लिहून दिली, गुण यायला वेळ लागेल म्हणाल्या, आणि हिला एकटं सोडू नका असं दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी चंपाबाईंनी कणसं उकडलीच नाहीत. लेकाला घरी बसवलं आणि सुनेच्या उशाजवळचं पुस्तक पिशवीत टाकून निघाल्या. चैताली दचकून उठून बसली, पण अडवायचं बळ तिच्यात नव्हतं. कोपऱ्यात बसून ती दाराकडे बघत राहिली. प्रज्ञेश मुलीला घेऊन तिच्याजवळ बसून होता.

दुपारी चंपाबाई परतल्या, घामाघूम झालेल्या. वाचनालयाची पायरी त्या आयुष्यात पहिल्यांदाच चढल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. नाव त्यांनी बघितलं नव्हतं. कपाटात सगळ्यांत जाड होतं ते मागून घेतलं होतं.

चैतालीने शेवटचं पान उघडलं. तारखेची चिठ्ठी कोरी होती.

"आई, हे परत कधी द्यायचंय?"

"तारीख टाकू नका म्हणलं त्या बाईंला," चंपाबाई म्हणाल्या. "आमच्या पोरीला वाचायला लय वर्सं लागनार हायती."