बाराच्या बारा हजर

हर्णैच्या समुद्रात तळाशी सोडलेली बारा यंत्रं एकमेकांकडे निरोप देत देत तो पाण्यावर तरंगणाऱ्या बोयापर्यंत पोचवणार, यावर शर्वरीची पीएचडी उभी होती. गेली चार वर्षं निम्मे निरोप वाटेतच बुडत होते.

आज, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, पडद्यावर बाराच्या बारा हजर! एकही निरोप हरवला नाही. फक्त समुद्राचं तापमान शून्य अंश दिसत होतं.

तेवढ्यात होडीवाल्या तांडेलकाकांचा फोन आला. "गो पोरी, तुझी सगळी यंत्रं बोयासकट जाळ्यात गावली. नासू नयेत म्हणून सुरमईशेजारी पेटीत बर्फाच्या पाण्यात ठेवलीत. परत टाकू?"

पीएचडी तिथेच बुडाली.

"नको काका, झाकण लावा," ती म्हणाली. "पहिल्यांदाच नीट बोलतायत एकमेकांशी."