बंबाशेजारचा डबा

हार दानम्मापेक्षा मोठा निघाला. डॉक्टर मुकुलनी तो तिच्या गळ्यात घातला आणि दानम्मा दिसेनाशी झाली. शेवटी हाराचं लोंबणारं टोक कुणीतरी उचलून शेजारच्या फ्रीजवर टाकलं. केंद्रात दानम्माच्या खालोखाल जुना तोच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही.

लोह्याकडच्या त्या आरोग्य केंद्रातून दानम्मा आज निवृत्त होत होती. ती आया म्हणून लागली तेव्हा केंद्राला छप्परसुद्धा नव्हतं, असं सरपंच बसवंत माईकवरून म्हणाले.

"छप्पर व्हतं," दानम्मा हारातून म्हणाली. "दार नव्हतं."

मग जो तो आठवणी काढू लागला. फ्रीज आला तेव्हा गावात तेवढा एकच. बसवंतच्या लग्नातलं श्रीखंड त्यात लसींच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं. म्हातारे दगडोबा उन्हाळाभर तब्येत दाखवायला येत. डॉक्टरला नव्हे, फ्रीजला. दार उघडून समोर बसत, बरं वाटलं की निघून जात. "काय दिवस होते," बसवंत म्हणाले. फ्रीजला कुलूप लागलं आणि ते दिवस संपले, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

कुलूप दीपमाला सिस्टरने लावलं होतं. आत फक्त लसी आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन. ते गारच ठेवावं लागतं. महिनोन् महिने उष्णतेत राहिलं, तर दिसायला तसंच दिसतं, पण त्यातला जीव जातो. किल्ली दानम्माकडे. तिच्याइतकं विश्वासाचं माणूस दुसरं नव्हतं.

सगळे हसत होते. दीपमाला हसत नव्हती. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी दानम्माची लेक शिवकन्या इथंच बाळंत झाली. दीपमालाने लगेच इंजेक्शन दिलं. रक्त थांबलं नाही. दुसरं दिलं. नांदेडच्या रस्त्यावर गाडीतच शिवकन्या गेली. तिची मुलगी वाचली. फ्रीजमधल्या कुप्या तपासणीला गेल्या आणि औषध उत्तम निघालं. मग गावाने सोपा निकाल लावला. औषध पास, म्हणजे बाई नापास. सुई द्यायला उशीर केला असणार.

तेव्हापासून ज्याला जमेल तो सुनेला लातूरला नेऊ लागला. दीपमालाने बदली मागितली नाही. गेली असती तर गावाचं खरं ठरलं असतं. तिला एकच ऐकायचं होतं, की चूक तिची नव्हती. तसं म्हणणारं माणूस गावात एकच. दानम्मा. त्या दिवशी लेकीच्या किंकाळ्या ऐकवेनात म्हणून ती इंजेक्शनच्या कुप्या सिस्टरच्या हातात देऊन बाहेर जाऊन बसली होती. तरी पारावर उभी राहून भांडली होती, "बाईचा हात चुकायचा न्हाई. माझी लेक गेली, तुमची न्हाई. मी सांगून राहिले ना?"

कार्यक्रम संपला. दीपमाला पेढे घेऊन मागच्या खोलीत गेली. दानम्मा नव्या आयाला, पुनमला, कारभार समजावत होती. झाडू इथं, पाण्याचा बंब असा पेटवायचा, राख तिकडं. मग तिने बंबाशेजारच्या कोनाड्यातून एक डबा काढला.

"आन् ही बाळंतिणीची ऊब."

डब्यात ओव्याची पुरचुंडी होती. तिच्याखाली काचेच्या कुप्या.

"मावशी," दीपमाला म्हणाली, "ह्या इथं कशा?"

"मग कुठं? बाळंतिणीला आपण गार पाणी पाजत न्हाई. कानाला फडकं बांधतो, खाटंखाली शेगडी ठेवतो. आन् सुई तेवढी बर्फाची टोचायची? तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या ध्यानात येत न्हाई. ह्या आज पुनमला दाखवायला काढल्या. कळा लागल्या की मी दोन काढते, इथं ठेवते. गुपचूप." चोरून दानधर्म करताना सापडल्यासारखी ती लाजली.

कळा लागल्यावर काढलेली कुपी तेवढ्या वेळात बिघडत नाही. दीपमालाने श्वास सोडला.

"शिवकन्याचं तर लई जपलं, बाई. तिला दिवस गेल्याचं कळलं, त्याच दिवशी तिच्या नावाच्या काढून ठेवल्या. हिवाळा गेला, अख्खा उन्हाळा गेला. एक दिवस गार होऊ दिल्या न्हाईत."

त्या दिवशी कुपी हाताला कोमट लागली होती. पण तसल्या उकाड्यात हाताला सगळंच कोमट लागतं.

बाहेर माईक अजून चालू होता. बसवंत त्यात फुंकर मारत होते. दीपमालाने नुसती हाक मारली असती तरी अख्ख्या गावाला ऐकू गेलं असतं. पुनम मान हलवत सगळं नीट मनात साठवत होती.

दीपमालाने डबा स्वतःकडे घेतला. "हा मी ठेवते. किल्लीपण द्या."

"तुम्हाला कशाला?"

"तुमची आठवण."

दानम्माचे डोळे भरले. तिने किल्ली काढून दिली.

"पुनम, आजपासून फ्रीज मीच उघडणार. सुई तिथून थेट माझ्या हातात. कुठंही ठेवायची नाही, घटकाभरसुद्धा नाही. नवा नियम आलाय."

"नियमवाल्यांना कोण बाळंत करतंय," दानम्मा पुटपुटली. तिने पदराने डोळे पुसले. मग बंबाकडे बघत, जुनंच काहीतरी नव्याने आठवल्यासारखं विचारलं, "एवढं जपलं व्हतं, बाई. तरी लागू का पडलं न्हाई हो?"

दीपमालाने डब्याचं झाकण लावलं.

"मी उशीर केला होता, मावशी."