तांबडं आरमार

अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या घराच्या गॅरेजमध्ये यंदा दिवाळीच्या किल्ल्याऐवजी समुद्र होता. हट्ट आन्याचा. कॉलेजात इतिहास शिकणारी लेक पहिल्यांदाच दिवाळीत इतकी रमली, म्हणून नीलांबरी हरखली होती.

अलेक्झांडरच्या माघारी त्याच्या राज्यावरून भांडणारे डिमिट्रियस आणि टॉलेमी सायप्रसजवळ समुद्रात भिडले, ती लढाई. टबात पाणी, डिमिट्रियसची तांबडी जहाजं, टॉलेमीची पांढरी. खलाशी म्हणून किल्ल्यावरचे मातीचे मावळेच.

"अगं, मावळे ग्रीक कधी झाले?"

"चिल, आई! धिस इयर दे आर नेव्ही."

डिमिट्रियसचा विजय फराळानंतर आन्या हाताने जहाजं हलवून दाखवणार होती. पाहुण्यांना घेऊन ती आली, तर पांढरी जहाजं बुडालेली आणि तांबडी ऐटीत गोल फिरत होती.

"वा! मोटर बसवलीस?" शेजारच्या गुरुनाथकाकांनी विचारलं.

"नो, काका. आईने केलं असेल."

सगळे खदखदून हसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकीचीच करामत समजून नीलांबरीने तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टीच मारली.

टाळ्या थांबल्या. टबातला बारीक जल्लोष मात्र थांबेना.

नीलांबरी हसतहसत खाली वाकली. मावळ्यांचे मिटलेले ओठ कालच तिने रंगवले होते. आता प्रत्येकाचं तोंड उघडं होतं.

सर्वांत पुढच्या जहाजावरच्या मावळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तश्शीच शिट्टी मारली.