कल्व्हेंटियाचे ओठ

कल्व्हेंटियानं सावत्र मुलाला लापशीतून विष घातलं, असं सगळं रोम म्हणे. एके काळी सेनापती तिच्या दारात तिष्ठत असत. ती मेली आणि तिचे पुतळे तासून त्यांना दुसऱ्या बाईचा चेहरा द्यायचा हुकूम निघाला. त्यातला एक पुतळा पाथरवट तुर्पिओच्या अंगणात आला.

तुर्पिओच्या बायकोला, व्होलुसियाला, तो पुतळा डोळ्यांसमोर नको झाला. रांगत्या लेकाची, वेरूची, लापशी ती तिथंच कट्ट्यावर निवायला ठेवी, आणि रोज पुतळ्याच्या ओठांना ताजी लापशी लागलेली दिसे.

"मांजर असेल गं," तुर्पिओ म्हणाला.

"मांजर वाडगा सोडून दगड चाटेल होय?"

सासू, ऑर्बिया, शेंगा सोलता सोलता हसली. "भुतं कसली बघतेस, सूनबाई? पोराचं नाक बघ. आमच्या घरातलं नाही हो ते!"

वेरू मात्र बाळसं धरत होता. एका सकाळी व्होलुसियाच्या मनात आलं, विष घालणारी आधी स्वतः कशाला चाखेल? त्या सावत्र पोराचाही घास ती अशीच, विष नाही ना म्हणून, आधी चाखून बघत असेल तर? त्या दिवसापासून ती वाडगा मुद्दाम पुतळ्यासमोर ठेवू लागली.

आज ती पाणी भरून आली. पुतळ्याचे ओठ कोरडे होते, दातांवर दात रोवावेत तसे घट्ट मिटलेले.

वाडगा रिकामा होता.

"मीच भरवलं हो आज, सूनबाई," आतून ऑर्बिया म्हणाली. "चाटूनपुसून खाल्लं. बघ कसा गाढ झोपलाय."