भलतीच वस्तू

“जाईने बोट दाखवलं की आबा, तुम्ही भलतीच वस्तू द्यायची,” अंगणवाडीच्या शेवंताताईंनी बजावलं. “तिचे कान ठणठणीत आहेत. पण न बोलता सगळं मिळतंय, तर पोर बोलेल कशाला?”

तीन वर्षांच्या नातीच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता. तरी तिला रडवायचं आबांच्या जिवावर आलं.

जाईने लाडवांच्या डब्याकडे बोट केलं. आबांनी छत्री दिली. तिने पाय आपटले. आबांनी चप्पल पुढे केली. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी भोळा चेहरा करून केरसुणी आणली.

जाईने थेट आजीसारखा कपाळावर हात मारला. “कम्म माजं!”

चाळीस वर्षं आबा आजीच्या तोंडून हेच ऐकत आले होते. आज मात्र डोळे पुसत म्हणाले, “पुन्हा म्हण गं, बाई!”