यंदाचा चेहरा

"मिशी नका काढू हं बाई एवढ्यात," बूटवाले काका म्हणाले.

"का नको? चौदावं लागलं त्याला. तुम्हाला काय पन्नाशीत फुटली होती?" काकूंनी लगेच टोला हाणला.

चित्रकार बाईंनी हसत ओठांवर पेन्सिलीची पुसट सावली दिली. हरवलेल्या मुलांचे वाढत्या वयातले चेहरे काढून देणं हेच त्यांचं काम. ह्या दोघांचा मुलगा सहा वर्षांचा असताना शाळेतून घरी येता येता नाहीसा झाला होता. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास दोघं यायची, नवा चेहरा घेऊन जायची आणि त्याच्या प्रती गावोगाव चिकटवायची. कुठून फोन आला की काका दुकानाला कुलूप लावून निघायचे आणि काकू डबा घेऊन मागोमाग. हाती काही लागायचं नाही.

"कान थोडे मोठे करा," काकू म्हणाल्या. "बापावर गेलाय."

"आणि हट्टीपणा?"

"तो शेजाऱ्यांवर."

काका खो खो हसले. मग त्यांचं लक्ष काकूंच्या हाताकडे गेलं. "बोटं काळी कशानं झाली?"

"कढई घासली सकाळी."

"त्या कढईची पाठ सोड आता."

दोघं गेली. थोड्याच वेळात काका एकटेच परत आले. छत्री विसरली होती म्हणे. छत्री हातात घेतली, तरी ते दारातच उभे राहिले.

"बाई, मनावर एक ओझं आहे. तो नाही. त्याच महिन्यात कालव्यात सापडला. पोलिसांनी मला एकट्याला बोलावलं. ही तेव्हा दवाखान्यात होती, अन्न सोडलेलं. तिला हा घाव सोसला नसता. मीच त्याला पोचवून आलो. घरी आल्यावर म्हणाली, आपण शोधू या ना त्याला? म्हटलं, शोधू."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"त्याच्या पायातले बूट तेवढे आणले. मीच शिवले होते. माळ्यावर साच्यांच्या पेटीत लपवलेत. अधूनमधून काढून बघतो. पाण्यात भिजलेलं चामडं, खरं म्हणजे लाकूड व्हायला हवं होतं. पण अजून मऊ आहे, कुठे तडा म्हणून नाही. हाताला यश होतं तेव्हा माझ्या." एवढं बोलताना त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "हल्ली छातीत दुखतं. मला काही झालं तर ती एकटी येईल. तिला चेहरा काढून देत जा. नाही म्हणू नका. त्या चेहऱ्यावर जगते ती."

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात दोघं तयार चित्र न्यायला आली. काका रिक्षा बघायला बाहेर गेले. काकू चित्राकडे बघत राहिल्या. त्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ आता बाईंना खोटी वाटत होती. ह्या बाईला आपण फसवतोय, सांगून टाकावं का, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

"छान आलाय," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मिशी जरा दाट काढा. शोधायला निघालो की ह्यांच्यात जीव येतो. दोन घास नीट जेवतात."

चष्मा ठेवायला त्यांनी पिशवी उघडली, तशी एक चपटी डबी खाली पडली आणि घरंगळत बाईंच्या पायाशी आली. बाईंनी ती उचलली. काळं पॉलिश होतं.

"काकांच्या दुकानातलं का?"

"छे! त्यातलं बोटभर जरी कमी झालं तरी ओळखतील ते. मी दुसरीकडून आणते." काकूंनी दाराकडे एक नजर टाकली आणि डबी पिशवीच्या तळाशी सरकवली. "माळ्यावर छोटे बूट आहेत. सारखं चोळावं लागतं, भिजलेलं चामडं ना ते. हे गुपचूप काढून बघतात. तडा दिसला तर जीव तुटेल हो त्यांचा."